मोरसला गेलेला माणूस

आजच्या मुलांना सांगून खरे वाटणार नाही, पण एके काळी आपल्याकडे पांढऱ्या साखरेला ‘मोरस’ म्हणत. देशी ती देशी, आणि जहाजातून येई ती मोरस. पाहुणा बडा असला म्हणजे त्याच्या चहात मोरस पडायची. हा मोरस म्हणजे मॉरिशस बेट; हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला, नकाशावर बोटाखाली झाकून जाईल एवढे. त्या बेटावरची साखर मुंबईच्या बंदरात उतरायची आणि ती साखर पिकवायला लागणारी कोकणातली माणसे त्याच बंदरातून तिकडे जायची. साखर खाणाऱ्यांच्या मात्र हे सहसा ध्यानात येत नसे.

आमच्या घरात या शब्दाला आणखी एक अर्थ होता. हरवलेली वस्तू ‘मोरसला गेली’ असे माझी आते म्हणायची. सुई सापडेना, मोरसला गेली. पायलीचे माप शेजारी नेले ते परत येईना, मोरसला गेले. याचे कारण असे की, आमच्या घरातला एक माणूस खरोखरीच मोरसला गेला होता आणि तो परत आला नव्हता. माझ्या खापरपणजोबांचा तो थोरला भाऊ. त्याचे नाव मी येथे देत नाही, कारण त्याचा वंशविस्तार आज मोठा आहे आणि त्या मंडळींना छापील कागदावर ओढण्याचा मला अधिकार नाही. आपण त्याला नुसते ‘थोरले’ म्हणू.

राजापूर तालुक्यातले आमचे गाव. कुणब्याचे घर, वरकस जमीन, खोताचे देणे. अशा घरातून पहिला माणूस बाहेर पडला तो मोरसला, पुढचे सगळे मुंबईला गिरणीत. माझे आजोबा साच्यावर, वडील साच्यावर. मी तेवढा टपालखात्यात चिकटलो आणि तेथूनच निवृत्त झालो. आयुष्यभर लोकांच्या पत्रांचे पत्ते लावले. निवृत्तीनंतर वाटले, घरातला हा एक पत्ता लावून पाहावा.

भांडवल काय, तर आतेचे तोंड. तिला तिच्या आजीने सांगितलेले, आणि ती आजी या घरात सून म्हणून आली तेव्हा थोरल्यांची बायको अजून हयात होती. थोरले शेजारच्या वाडीतल्या एका सोबत्याबरोबर पडावाने मुंबईला गेले आणि तेथून जहाजावर चढले. बायको मागे राहिली. तिला मूलबाळ नव्हते. सगळा गाव तिला ‘मोरसवाली’ म्हणू लागला. काही वर्षांनी तो सोबती परत आला. त्याने तिला एक लुगडे आणि पदराच्या गाठीत मावतील एवढे रुपये आणून दिले, आणि सांगितले, “बरा हाय. येल.”

थोरले आले नाहीत. बारा वर्षे उलटली तेव्हा भावकी जमली. देशांतरी गेलेल्या माणसाची बारा वर्षे खबर नसली तर त्याचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा आणि क्रियाकर्म उरकावे, असा शास्त्रार्थ आहे. भावकीचा हेतू काही वाईट नसावा. जमिनीची वाटणी अडली होती आणि पितरांची पंचाईत होती. पण पुतळा जळला की तिचे कुंकू जाणार होते. ती अंगणात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “त्यो मेला न्हाय. मेल्याबिगर पुतला कसला जालता? जालायचा तर मला जाला.” भावकी उठून गेली. मुंबईत प्लेग सुरू झाला त्या वर्षी, म्हणजे १८९६ साली, ती वारली. सवाष्ण म्हणूनच तिला नेली, मळवट भरून.

तेव्हापासून आमच्याकडे सर्वपित्री अमावास्येला एक पान जास्तीचे वाढतात. ज्याची तिथी ठाऊक नाही त्याला सर्वपित्री, हा नियम. आते नव्वदीला टेकली तरी ते पान वाढायची आणि पुटपुटायची, “कुठं आसशील तिथनं ये बाबा.” मला ती तिथी हवी होती. एवढाच माझा मूळ उद्देश.

मॉरिशसला आम्ही गेलो ते चारचौघांसारखेच, यात्रा कंपनीच्या सहलीतून. निळे पाणी, काचेच्या तळाच्या होड्या, सात रंगांची माती, सगळे यथासांग पाहून झाले. पण पोर्ट लुईसच्या बंदराशी एक जागा आहे, आप्रवासी घाट. तेथे आमची मंडळी दहा मिनिटांत कंटाळली आणि मी मात्र तेथून हलेना. काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या. मजूर जहाजातून उतरला की या पायऱ्या चढायचा, दोनएक दिवस तेथल्या खोल्यांत राहायचा, त्याची नोंद व्हायची आणि मग मळ्याचा माणूस येऊन त्याला घेऊन जायचा. १८४९ साली हे ठाणे उभे राहू लागले. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घातले.

गुलामगिरी बंद झाल्यावर ऊस कोण तोडणार, हा मळेवाल्यांपुढचा प्रश्न होता. त्यावर हिंदुस्थानातून पाच वर्षांच्या कराराने माणसे आणण्याची युक्ती निघाली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ जहाजातून छत्तीस माणसे उतरली. तो दिवस मॉरिशसमध्ये आजही सुटीचा असतो. पुढच्या सुमारे पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांवर माणसे त्या बेटावर आली. १८५९ साली तर सर्वांत जास्त. बहुतेक कलकत्त्याहून आणि मद्रासहून. मुंबईहून गेलेले शंभरात जेमतेम सात. पण त्या सातांत रत्नागिरीचे पुष्कळ. त्यामुळेच गणेश चतुर्थीला तेथे सरकारी सुटी असते, आणि गणपतीपुढे आपली जाखडी ‘झाकरी’ या नावाने अजून नाचली जाते. मी स्वतः ती पाहिली. शब्द अर्धे कळत नव्हते, पण पाय आमच्या वाडीतलेच पडत होते.

घाटावर एका मराठी बाईंची ओळख झाली. निवृत्त शिक्षिका, वय माझ्याएवढेच. त्यांचे मराठी शाळेत शिकलेले, स्वच्छ आणि थोडे पुस्तकी. घरात मात्र क्रिओल, म्हणजे फ्रेंचच्या पोटातून निघालेली तिथली बोली. मी गावाचे नाव सांगितले तेव्हा त्यांनी डोळे बारीक केले. “दादा, हा शब्द मी ऐकला आहे,” त्या म्हणाल्या. “आमच्या आजोबांच्या तोंडात होता. आम्हाला वाटायचे, ते कुणा देवाचे नाव आहे.”

देवाचे म्हणजे आमच्या गावाचे! पण नुसत्या शब्दावर नाते ठरत नाही. टपालखात्यातल्या माणसाला हे अधिकच पटते. मोका या गावी महात्मा गांधी संस्था आहे, तेथे मजुरांच्या नोंदींची जुनी दप्तरे सांभाळली आहेत. वंशजाने अर्ज केला की शोध घेतात. मी परत आलो. ताईंनी अर्ज केला. मी इकडून थोरल्यांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, गाव आणि अंदाजाचे साल लिहून पाठवले.

हा शोध वाटतो तेवढा सोपा नाही. एक तर नावे. गोऱ्या कारकुनाच्या कानाला जे ऐकू आले ते त्याने लिहिले. रत्नागिरीचे एके ठिकाणी ‘रुटनाघेरी’ होते, दुसरीकडे आणखी काही. शिवाय आडनाव नाहीच. बापाचे नाव ते मुलाचे आडनाव, अशी पद्धत तेथे रूढ झाली, म्हणून बाबाजी, सखाराम ही त्या बेटावर आडनावे आहेत. माणसाची खरी ओळख म्हणजे त्याचा नंबर. जहाजातून उतरताना मिळालेला तो आकडा मरेपर्यंत सुटत नसे. करार, लग्न, गुन्हा, मृत्यू, प्रत्येक कागदावर तो आकडा. नोंदवहीत मात्र पुष्कळ काही सापडते: वय, उंची, अंगावरची खूण, बापाचे नाव, जात, जिल्हा, तालुका, गाव, जहाज, मळा.

थोरल्यांच्या नावाची तीन माणसे निघाली. एकाचा बाप जुळेना, दुसऱ्याचा जिल्हा सातारा. तिसरा १८५९ साली उतरलेला, वय चोवीस, आणि बापाचे नाव माझ्या वंशावळीतले. गावाच्या रकान्यातला शब्द ताईंनी मला फोनवर अक्षर अक्षर सांगितला. मी तो तीनदा मोठ्याने म्हणून पाहिला आणि तिसऱ्यांदा तो आमचा झाला. तरीही मी हो म्हटले नसते. पण त्याच्या पुढचाच नंबर पाहा असे मी कळवले, आणि पुढच्याच ओळीत शेजारच्या वाडीचा माणूस होता. आतेने सांगितलेला सोबती, नावानिशी. त्याच्या ओळीच्या समासात मागाहून लिहिलेला शेरा होता: स्वखर्चाने परत गेला, १८६६.

घाटावर भेटलेल्या ताई थोरल्यांच्या पणतवाची मुलगी ठरल्या. तेव्हापासून मी त्यांना ‘अगं’ म्हणतो.

आता थोरल्यांचे आयुष्य. पश्चिमेकडच्या ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात एका साखरमळ्यावर त्यांचा पहिला करार झाला. पगार महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा तिथला कायदा. तिकडची माणसे अजून त्याला ‘दुहेरी काट’ म्हणून ओळखतात. आजारी पडलेला माणूस महिनाअखेर मळ्याचाच देणेकरी निघायचा.

शेतात आधी ऊस नसतो, आधी असतात दगड. मी ते शेत पाहिले आहे. उसाच्या मधोमध माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचे काळ्या दगडांचे ढीग, पायरीपायरीने रचलेले, जणू देवळाचे शिखर तेवढे कोणी आणून ठेवले आहे. ते सगळे या मजुरांनी हातांनी वेचलेले. दगड थेट आपल्या सह्याद्रीसारखा. भूगर्भशास्त्रज्ञ म्हणतात की, पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेतून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा कातळ ओतला गेला, तीच जागा पुढे समुद्राखाली आली आणि तिच्यातूनच मॉरिशस वर आले. म्हणजे थोरल्यांनी इतका समुद्र ओलांडला आणि पुन्हा एका आव्यातलाच दगड उचलला. हे कळून त्यांना काही समाधान झाले असते असे मला वाटत नाही.

१८६६ च्या सुमारास बेटावर हिवतापाची भयंकर साथ आली आणि ती दोनेक वर्षे हटली नाही. पैसेवाले पोर्ट लुईस सोडून उंचावरच्या क्युरपिपला जाऊन राहिले. मजूर मळ्यावरच राहिले आणि हजारोंनी मेले. सोबत्याने गाशा गुंडाळला तो त्याच सुमारास. मग १८६७ चा कायदा आला. करार संपलेल्या जुन्या मजुराने फोटो चिकटवलेला परवाना जवळ बाळगायचा, नसला तर पोलीस भटक्या म्हणून धरणार. या जाचाविरुद्ध १८७१ साली आदोल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या एका गोऱ्या माणसाने मजुरांच्या बाजूने अर्ज लिहिला, हजारो मजुरांनी त्यावर आपली नावे घातली, आणि लंडनहून चौकशी कमिशन आले. द प्लेव्हित्झला मळेवाल्यांनी भर रस्त्यात मारहाण केली. हा माणूस आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवा होता.

त्या कायद्यापायी एक गोष्ट आमच्या पदरात पडली: थोरल्यांचा फोटो. ताईने त्याची प्रत पाठवली. खांद्यावर पंचा, गालफडे बसलेली, नजर यंत्राकडे नसून थोडी बाजूला. आमच्या घरात माझ्या वडिलांचा एक गिरणीच्या पासावरचा फोटो आहे. मी दोन्ही शेजारी ठेवले आणि बायकोला हाक मारली. ती बघत राहिली आणि म्हणाली, “कान बघा.” कान एकच होते.

आता जे सांगायचे ते जरा जपून सांगतो. थोरल्यांनी तेथे लग्न केले. बायको बिहारची, कलकत्त्याच्या जहाजातून आलेली. मजुरांत बायका इतक्या कमी की, इतक्या पुरुषांमागे इतक्या बायका पाठवल्याच पाहिजेत असा नियम सरकारला करावा लागला होता. लग्नाची नोंद आहे, मुलांच्या जन्माची आहे. थोरला मुलगा १८६४ चा.

आणि सोबती गावी परतला तो १८६६ मध्ये.

मी हे दोन आकडे एका कागदावर लिहून कितीतरी वेळ बसलो होतो. म्हणजे लुगडे आणि रुपये घेऊन तो आमच्या अंगणात उभा राहिला तेव्हा त्याला सगळे ठाऊक होते. मुलगा दोन वर्षांचा झाला होता. त्याने त्याला कडेवर घेतलेही असेल. आणि तो म्हणाला, “बरा हाय. येल.” पहिले वाक्य खरे होते. दुसरे त्याने आपल्या पदरचे घातले, की थोरल्यांनीच तसे सांगायला लावले, हे कळायला मार्ग नाही. मला त्या सोबत्याचा राग येत नाही. तोंडावर सांगून टाकण्याची हिंमत माझ्यात तरी कुठे असती? पण त्याच्या एका ‘येल’वर त्या बाईने तीस वर्षे काढली.

थोरल्यांना लबाड म्हणावे, तर तेही जमत नाही. परतीचे भाडे ज्याचे त्याने भरायचे, आणि पाच रुपयांतून दोघातिघांचे भाडे उभे राहत नाही. एकट्याने यायचे म्हणजे इकडचे पोर तिकडे सोडायचे. तरीही, एखादे पत्र लिहवून घेता आले असते असे माझ्यातला टपालवाला म्हणतो. कागद होता, टपाल होते, मळ्यावर लिहिणारा कोणी ना कोणी असेलच. त्यांनी लिहिले नाही.

पुढचे भराभर सांगतो. १८८० नंतर साखरेला मंदी आली तेव्हा मळेवाल्यांनी कडेच्या पडीक जमिनीचे तुकडे पाडून विकायला काढले. थोरल्यांनी असाच एक तुकडा हप्त्याहप्त्याने घेतला; दगडांचा, म्हणून स्वस्त. बायकोने गाय पाळून दूध विकले, त्याचा त्यात निम्मा वाटा होता अशी ताईकडची आठवण. त्या तुकड्यावर आज त्यांचे घर आहे. १८९२ च्या एप्रिलमधल्या चक्रीवादळात, ज्यात बेटावर सुमारे बाराशे माणसे दगावली, त्यांचे गवताचे घर उडून गेले. विधवा आईला आणि भावंडांना मोठ्या मुलाने दगडांच्या ढिगाआड बसवून वाचवले. थोरले तेव्हा नव्हते. ते जानेवारी १८८९ च्या उत्तरार्धात गेले होते. आमच्या गुरुजींनी जुने पंचांग काढून पाहिले, पौष वद्य.

तिथी मिळाली. पण पंचांगाबरोबर एक वजाबाकीही पुढ्यात आली. १८८९ ते १८९६, सात वर्षे. “त्यो मेला न्हाय” म्हणणारी ती बाई, तो गेल्यावरही सात वर्षे रोज सकाळी कुंकू लावीत होती.

ताईला हे सांगावे की नाही, यावर आमच्या घरात दोन दिवस वाद झाला. मुलगा म्हणाला, कशाला उगाच त्यांच्या खापरपणजोबांची अब्रू काढता? बायको म्हणाली, सांगा. ती बाई आहे, तिला कळेल. मी फोन केला. सगळे ऐकून ताई पुष्कळ वेळ गप्प होती. आमच्याकडे असे सांगतात, ती म्हणाली, की ते अनाथ होते, मागे कोणी नव्हते, म्हणून बोटीत चढले. मग तिने विचारले, “दादा, तिचे नाव काय होते? मी वंशवृक्ष काढते आहे. त्यांच्या शेजारी दोन चौकोन करीन.”

नाव! ते मला ठाऊक नव्हते. आतेलाही नव्हते, सगळे तिला मोरसवालीच म्हणत. मी गावी गेलो. जमिनीच्या जुन्या कागदांत पाहिले. तेथे खापरपणजोबा आहेत, त्यांचे मुलगे आहेत, ती नाही. भावकीतल्या म्हाताऱ्यांना विचारले. तिचे माहेर कुठले, तेही कुणाला सांगता येईना. एका म्हातारीला एवढे आठवत होते की, तिने लावलेला फणस परवापरवापर्यंत उभा होता. थोरल्यांची उंची फूट-इंचांत मला सांगता येते. कारण ऊस तोडायला किती लांबीरुंदीचा माणूस घेतला, याची सरकारला नोंद हवी होती. हिच्याकडून कुणाला काहीच घ्यायचे नव्हते.

मी ताईला तसे कळवले. यंदा पितृपक्षात आम्ही थोरल्यांचा म्हाळ त्यांच्या तिथीला घातला. सर्वपित्रीचे पान बंद करायचे का, असे सुनेने विचारले. मी म्हटले, राहू दे, ते आता तिचे.

गेल्या महिन्यात वंशवृक्षाची प्रत आली. चांगला दारभर लांब कागद आहे, एकशे चाळीसच्या वर नावे. सगळ्यांत वर थोरले, त्यांच्या डाव्या अंगाला बिहारची आजी आणि उजव्या अंगाला देवनागरीत, शाळेतल्या वळणदार अक्षरात ‘मोरसवाली’. सोबत ताईची चिठ्ठी. तिच्या नातवाने तो शब्द वाचायला लावला, अर्थ विचारला, आणि मग म्हणाला, पण आजी, मोरसवाले तर आपण आहोत. ती तर तिकडची ना? त्याला काय सांगायचे ते तुम्हीच येऊन सांगा, असे तिने लिहिले आहे. पण त्याआधी तीच मंडळी इकडे येणार आहेत, शिमग्याला. गावच्या घराची कौले मी शाकारून घेतली आहेत.